नॉर्डबीला लाल रंग माहीत होता का?

मेरीची गोष्ट इतक्या वेळा सांगून झालीय की लोक ती ऐकतात आणि मान डोलावून पुढे जातात. तरी थोडक्यात सांगते. फ्रँक जॅक्सन नावाच्या ऑस्ट्रेलियन फिलॉसॉफरने १९८२ मधे मांडलेली, मेरी ही शास्त्रज्ञ, काळ्यापांढऱ्या खोलीत कोंडलेली, तिथल्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवरून तिने रंग आणि मेंदू याबद्दलचं सगळं विज्ञान शिकून घेतलंय, अगदी सगळं. मग एक दिवस ती बाहेर येते आणि पहिल्यांदा लाल बघते. आता तिला नवीन काही कळलं का? कळलं म्हणालात तर भौतिकवाद, म्हणजे जगात जे काही आहे ते सगळं शेवटी भौतिकच हे मत, गोत्यात, कारण भौतिक असं जे काही होतं ते तर तिला आधीच ठाऊक होतं ना.

मला मेरीपेक्षा क्नूट नॉर्डबी जास्त इंटरेस्टिंग वाटतो, कारण तो खराखुरा होता. नॉर्वेचा दृष्टीशास्त्रज्ञ, १९४२ चा जन्म, आणि जन्मापासून पूर्ण रंगांध. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या कोन पेशी कामच करत नव्हत्या, सगळा कारभार रॉड पेशींवर, म्हणजे अंधुक उजेडात बघायला लागणाऱ्या, रंग न ओळखणाऱ्या पेशींवर. या लोकांना लख्ख उजेड सहन होत नाही, बारीक अक्षर लागत नाही. रॉडना लांब वेव्हलेंग्थचा, म्हणजे लाल, प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही त्यामुळे लाल टोमॅटो अशा माणसाला काळपट दिसणार, आणि गंमत म्हणजे तो काळपट का दिसतो हे नॉर्डबी तुम्हाआम्हाला नीट समजावून सांगू शकला असता. त्याने स्वतःच्या नजरेबद्दल १९९० मधे एक सविस्तर लेखही लिहिला. रंगांची थिअरी त्याला पाठ होती आणि रंग कधीच दिसले नाहीत. (पिंगेलॅप या बेटावर असे बरेच लोक आहेत, तिथेही तो जाऊन आला, पण तो वेगळाच विषय आहे.)

तर प्रश्न हा की नॉर्डबीकडे नक्की काय कमी होतं?

भौतिकवाद्यांचं आवडतं उत्तर म्हणजे फेनॉमेनल कॉन्सेप्ट, म्हणजे अनुभव घेऊनच मिळणारी त्या अनुभवाची कल्पना. ब्रायन लोर या फिलॉसॉफरने १९९० मधे म्हटलं की तथ्य एकच असतं, त्याच्याकडे जायच्या वाटा दोन. एक विज्ञानाची आणि एक आतून ओळखण्याची, म्हणजे ‘हां, हेच ते’ असं म्हणता येणं. दुसरी वाट अनुभव घेतल्याशिवाय मिळत नाही. कोविडमधे माझं नाक बंद पडलं होतं तेव्हा फोडणीत हिंग घातलाय हे मला डोळ्याने दिसत होतं, डबी माझ्याच हातात होती, हिंगाबद्दल काहीही विचारा सांगितलं असतं, पण तो वास मनात आणायला गेले की काहीच येईना. नंतर परत आला तेव्हा पहिल्या झटक्यात ओळखला, कुणाला विचारावं लागलं नाही. लोर म्हणतात ती ओळख मला तरी याच जातीची वाटते. म्हणजे मेरीला नवं तथ्य मिळत नाही, जुन्याच तथ्याची नवी ओळख मिळते, आणि भौतिकवाद वाचला.

यावर २००९ मधे डेरेक बॉल या फिलॉसॉफरने सरळ सांगून टाकलं की असले कॉन्सेप्ट नसतातच. मायकल टाय हा दुसरा फिलॉसॉफर तर आधी फेनॉमेनल कॉन्सेप्टच्या बाजूचा खंदा वकील, त्याच वर्षी पुस्तक लिहून त्यानेही बाजू सोडली. युक्तिवाद साधारण असा: एखाद्याला वाटतं आपल्याला मांडीत संधिवात झालाय, संधिवात सांध्यांचा असतो हेही त्याला माहीत नाही, तरी तो संधिवाताबद्दलच बोलतोय हे आपण मान्य करतो (उदाहरण टायलर बर्ज या फिलॉसॉफरचं). मग मेरीसुद्धा खोलीत बसून बाकीच्या समाजाच्या जिवावर लाल दिसण्याच्या अनुभवाबद्दल विचार करू शकतेच की. नॉर्डबी तर आयुष्यभर ते करत होता. म्हणजे अनुभवाशिवाय मिळतच नाही असा कॉन्सेप्ट उरतच नाही.

मला हे अर्धंच पटतं. उधारीवर बोलता येतं हे खरं, पण उधारीवर ओळखता येत नाही. नॉर्डबीला उद्या अचानक रंग दिसले असते तर यातला लाल कुठला हे त्याला केवळ बघून सांगता आलं नसतं, वेव्हलेंग्थ मोजावी लागली असती किंवा कुणाला तरी विचारावं लागलं असतं. तेव्हा वेगळं काहीतरी आहेच, त्याला कॉन्सेप्ट म्हणा नाहीतर फिलॉसॉफर डेव्हिड लुईससारखं, मेरीला नवं ज्ञान नाही तर ओळखण्याचं कौशल्य मिळतं असं म्हणा.

खरी अडचण डेव्हिड चाल्मर्स या फिलॉसॉफरने काढली, २००७ च्या आसपास. आपली हुबेहूब भौतिक नक्कल असलेला पण आतून ठार अंधार असलेला, म्हणजे कसलाच अनुभव नसलेला, झॉम्बी घ्या. त्याच्याकडे हा कॉन्सेप्ट आहे की नाही? नाही म्हणालात तर कॉन्सेप्टचंच भौतिक स्पष्टीकरण देता येत नाही, आहे म्हणालात तर आपल्याला आतून जे कळतं ते का कळतं हे त्या कॉन्सेप्टने समजत नाही, कारण अंधारातल्या झॉम्बीकडेही तोच आहे. दोन्हीकडून पंचाईत. भौतिकवादी यावर म्हणतात की आमची थिअरी बरोबर असली तरी ती तुम्हाला अपुरीच वाटत राहणार, आणि तशी का वाटणार हेही थिअरीतच बसतं. हे वाचून माझी चिडचिड होते, म्हणजे माझं न पटणं हाच यांचा पुरावा! पण त्यात नेमकं चुकतं कुठे ते बोट ठेवून मला दाखवता येत नाही. आणि जॅक्सन? ते कधीच पलटून भौतिकवादी झाले, मेरीला आमच्या गळ्यात बांधून.