लोअर बर्थ

रेल्वेत लोअर बर्थवरून भांडता भांडता कुणाचं लग्न जमल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. आपल्याकडे ते भांडण ‘माझे गुडघे बघा हो’पासून सुरू होतं आणि टीसीपाशी संपतं. पण जॉर्ज क्लूनीच्या ‘लेदरहेड्स’ या सिनेमात वय उलटून चाललेला फुटबॉलपटू डॉज आणि शिकागो ट्रिब्यूनची बातमीदार लेक्सी गाडीत याच बर्थवरून एकमेकांना जे काही ऐकवतात, ते पाहताना कळतं की ही दोघं गेली आता कामातून. बोटही न लावता.

(फुटबॉल अमेरिकेतला. पायाचा संबंध नावापुरता.)

काळ १९२५चा. कॉलेजच्या सामन्यांना तोबा गर्दी, आणि पोटासाठी खेळणाऱ्यांचा खेळ बघायला एक गाय! अतिशयोक्ती खरी, पण फार नाही. आज अब्जावधींत लोळणारी एनएफएल, म्हणजे तिथली व्यावसायिक फुटबॉल लीग, १९२० साली ओहायोतल्या कॅन्टन गावी मोटारींच्या शोरूममध्ये जन्मली. खुर्च्या पुरेनात म्हणून मंडळी गाड्यांच्या फुटबोर्डांवर टेकली होती. सिनेमातला संघ मिनेसोटातल्या डलुथ गावचा. खऱ्या डलुथच्या संघाला नाव होतं ते एका हार्डवेअरच्या दुकानाचं. डोक्यावर चामड्याची टोपी, तीही ज्याच्या त्याच्या मर्जीवर. हेल्मेट सक्तीचं व्हायला १९४३ उजाडलं. मग १९२५च्या अखेरीस रेड ग्रेंज हा कॉलेजचा हिरा शिकागो बेअर्सकडे आला आणि मैदानं भरली. सिनेमातला कार्टर त्याच्याच वळणाचा. वर युद्धवीर म्हणून गाजलेला. त्या फुग्याला टाचणी लावायलाच लेक्सीला धाडलेलं असतं.

गर्दी आली, पैसा आला, पाठोपाठ नियम आले. डॉजच्या साऱ्या लबाड्या बाद. क्लूनीला याचं मनापासून वाईट वाटतं. म्हणून तर शेवटचा सामना तो अशा चिखलात खेळवतो, की कोण कुठल्या संघाचा तेच कळू नये. पुढचं सांगत नाही.

गंमत अशी, की नियमांनी मजा घालवली म्हणून हळहळणारा हा सिनेमा ज्या घराण्यातला, ते ‘स्क्रूबॉल कॉमेडी’चं, म्हणजे नायक-नायिकेच्या चटपटीत भांडणातून प्रेम फुलवणाऱ्या विनोदी सिनेमांचं घराणं नियमांमुळेच बहरलं. १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली, प्रेमिकांना पलंगाजवळ फिरकायची चोरी. मग लेखकांनी सगळी धग जिभेवर आणली. नायक-नायिका तोंडाला तोंड देऊ लागले, तेही असं की श्वास घ्यायला फुरसत नाही. ‘लेदरहेड्स’ मध्ये मध्ये रेंगाळतो, फारसा चाललाही नाही. पण त्या बर्थपाशी तो जुनी चाल बरोबर पकडतो.

परवा प्रवासात समोरच्या काकांनी माझा लोअर बर्थ मागितला. लेक्सीला शोभेलसं एक खणखणीत उत्तर मी मनात जुळवत होते. तेवढ्यात काकांनी चादर अंथरलीसुद्धा.