आमची वाटचाल : १५०० फेरे आणि एक फूटपट्टी

२००३ साली जळगावात गोलाणी मार्केटमधल्या एका गाळ्यात आप्पांनी आणि मी लॅबच्या मशिनींची दुरुस्ती सुरू केली. आप्पा भुसावळच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले फिटर. भांडवल माझं, हात त्यांचे. सेंट्रिफ्यूजचे (रक्ताच्या ट्यूब गरागरा फिरवून थर वेगळे करणारं मशीन) कार्बन ब्रश, झिजलेली बेअरिंग, अडकलेले टायमर यांवर दोन घरं चालली. २०१२ च्या सुमारास हाडांचे डॉक्टर पीआरपीबद्दल (प्लेटलेट-रिच प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला प्लेटलेट एकवटलेला द्रव) विचारू लागले, तेव्हा मशीनबरोबर ट्यूबही ठेवायला लागलो. मधली वर्षं बरी गेली. २०१६ बद्दल मात्र लिहायलाच हवं.

त्या वर्षी बाहेरगावचा एक सप्लायर खानदेशात उतरला. ट्यूबची मोठी ऑर्डर दिली की सेंट्रिफ्यूज फुकट, आणि झाकणावर चिकटवलेला कागद : १५०० आरपीएम (मिनिटाला फेरे), १० मिनिटं. सोबत ‘स्टेम सेल’ची (नव्या पेशी घडवणाऱ्या मूळ पेशी) रंगीत पत्रकं. अहो, पीआरपीला स्टेम सेल म्हणायचं कसं? रुग्णाच्याच रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) एकवटायच्या, दुखऱ्या जागी सोडायच्या, त्यांतले ग्रोथ फॅक्टर (वाढीला चालना देणारे घटक) शरीराच्या स्वतःच्या दुरुस्तीला हात देतात, एवढं ते काम. पत्रकात मात्र झिजलेली कूर्चा नव्याने उगवत होती.

जळगावातल्या एका दवाखान्याने मशीन त्या सप्लायरचं घेतलं आणि शिल्लक ट्यूब आमच्या वापरल्या. पीआरपी पातळ यायला लागलं. ठपका आमच्या ट्यूबवर. आमचं ८४,००० रुपयांचं बिल अडकवलं, बोलणं धुळ्यापर्यंत गेलं, शिरपूर-अमळनेरच्या ऑर्डरी थांबल्या. त्यात मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि गाळ्यातला एसी बंद पडला. २५ अंशांच्या आत ठेवायच्या ट्यूबची खोकीच्या खोकी फेकली. ओम्नी विकली.

तेव्हा चोपड्याच्या डॉक्टरसाहेबांचा फोन आला. ते फुकटचं मशीन त्यांच्याकडेही पोचलं होतं. म्हणाले, “लोक काहीही म्हणोत. तुम्ही या, माझ्यासमोर दाखवा, मग मी ठरवतो.” आमचं मशीन गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आम्ही एसटीने चोपड्याला गेलो.

त्यांच्या कंपाउंडरने स्वतःचं रक्त दिलं. एकच रक्त, आमच्याच ट्यूब, दोन्ही मशिनी १५०० वर, १० मिनिटं. आप्पांनी टॅकोमीटर लावून फेरे तपासले, दोन्हीकडे बरोबर. ट्यूब बाहेर काढल्या तर आमच्या मशीनमधला पिवळा थर तांदळाच्या धुवणासारखा किंचित गढूळ, त्यांच्यातला स्वच्छ. या पहिल्या फिरकीला स्वच्छ थर वाईट, प्लेटलेट खाली लाल पेशींबरोबर बसून गेल्या. पेशी मोजायच्या मशीनवर रक्तात प्लेटलेट २ लाख ४० हजार होत्या. आमच्या प्लाझ्मात, म्हणजे पिवळ्या थरात, ४ लाख ६०, त्यांच्यात १ लाख ९०.

आप्पांनी खिशातून स्टीलची फूटपट्टी काढली. ट्यूब ठेवायचं बकेट आडवं धरून, शाफ्टच्या मध्यापासून ट्यूबच्या बुडापर्यंत मोजलं. आमचं १० सेंटिमीटर, त्यांचं १५. “हाऊ रोटर मोठा शे, भाऊ,” एवढंच बोलले. रोटर म्हणजे बकेट फिरवणारा भाग.

पेशींवर काम करते ती ओढ, म्हणजे जी (पृथ्वीच्या ओढीच्या किती पट). त्रिज्या, म्हणजे आप्पांनी मोजलेलं अंतर, सेंटिमीटरमध्ये, गुणिले फेऱ्यांचा वर्ग, गुणिले ०.००००१११८. १५०० फेऱ्यांना आमच्यात साधारण २५० जी, त्यांच्यात ३७७. त्या मशीनला १२२५ फेरे हवे होते. लगेच त्याच रक्ताची नवी ट्यूब लावून पाहिली, आकडा ४ लाख ५० वर आला. डॉक्टरसाहेबांनी तिथेच वर्षभराच्या ट्यूबचे पैसे आगाऊ दिले. त्या पैशांवर दुकान उभं राहिलं, हे मी कुठेही सांगतो.

म्हणून नवीन मशीन घेणाऱ्याला माझं सांगणं, आधी त्रिज्या विचारा, फेरे नंतर. प्लेटलेट आणखी एकवटायच्या दुसऱ्या फिरकीलाही हाच हिशेब लागतो. समोरासमोरच्या ट्यूब डोळ्यांच्या अंदाजाने नको, वजन करून ठेवा. रुग्ण डायक्लोफिनॅकसारख्या दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर पीआरपीआधी काही दिवस त्या बंद ठेवायच्या का, हे डॉक्टरांना विचारायला लावा, कारण त्या प्लेटलेटच्या कामात आड येतात. आणि कोणी गुडघ्याला स्टेम सेल टोचायचे लाखभर मागत असेल तर क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे उपचाराच्या संशोधन चाचणीचा, नोंदणी क्रमांक मागा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे, रक्ताच्या आजारांसारख्या मान्य ठिकाणचं रोपण सोडलं तर हा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा.

आता आमच्याकडून निघणाऱ्या प्रत्येक मशीनवर त्रिज्या आणि जी लिहिलेली पट्टी असते. आप्पांना दिसायला कमी झालंय, पण अखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी चोपड्याचं मशीन सर्व्हिसला आलं की ब्रश तेच बसवतात. जळगावच्या त्या दवाखान्याला आम्ही दोन्ही आकडे लेखी पाठवले होते. उत्तर आलं नाही. ८४,००० अजून येणे आहेत, आणि वहीतलं ते पान मी बंद केलेलं नाही.