टोकियोत वर बघा, नाहीतर तळघरात उतरा

टोकियोत चालताना आधी मान वर करायची सवय लावून घ्या. स्टेशनाच्या आसपासच्या अरुंद, सहा-सात मजली इमारतींच्या कडेला एक उभी पाटी असते. तिच्यावर मजल्यागणिक नावं लिहिलेली असतात. खाली नूडल्सचं दुकान, वर दाताचा दवाखाना, त्याच्यावर बार, तळघरात गाण्याबजावण्याची जागा. ताईला आणि मला आवडलेल्या बहुतेक जागा ही पाटी वाचूनच सापडल्या. रस्त्यावरून त्यांचं दारसुद्धा दिसत नव्हतं.

पाटी वाचताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथे तळमजल्याला पहिला मजला म्हणतात, म्हणजे आपला पहिला तो त्यांचा दुसरा. आणि ‘बी१’ म्हणजे तळघर. बहुतेक रस्त्यांना नावं नसल्याने पत्ता हा विभाग, गट आणि इमारतीचा क्रमांक असा लिहितात. नकाशातला ठिपका तुम्हाला इमारतीपर्यंत आणून सोडतो, पुढचा मजला तुम्हीच शोधायचा. काही ठिकाणी लिफ्टचं दार उघडतं ते थेट बारमध्येच. आत गेल्यावर जागा पसंत पडली नाही तर मागे फिरायला संकोच वाटतो, म्हणून वर जाण्याआधी फोन पाटीसमोर धरून भाषांतर वाचून घ्यावं. ‘फक्त सभासदांसाठी’ असं असेल तर दार ठोठावू नये. तो नियम ते मनापासून पाळतात.

शिंजुकू भागातल्या ‘गोल्डन गाई’ या बारच्या वस्तीबद्दल सगळे लिहितात, तरी मीही लिहिणारच, कारण ती जागा समजून घेऊन गेलं तर फार काही देते. हानाझोनो देवळाला लागून सहा बोळ आणि त्यांत दोनशेहून जास्त बार. बांधकाम दुमजली, दाटीवाटीचं, बहुतेक लाकडी. बहुतेक बारमध्ये पाच ते दहा माणसं मावतात. महायुद्धानंतर शिंजुकू स्टेशनाजवळच्या काळ्या बाजारातले विक्रेते इथे हलवले गेले, मग १९५८ मध्ये बंदीचा कायदा लागू होईपर्यंत वेश्याव्यवसाय चालायचा. पुढे लेखक, नाटकवाले, सिनेमावाले येऊन बसू लागले. १९८०च्या दशकात टोकियोत जमिनीचे भाव कडाडले, तेव्हा आग लावून जागा मोकळ्या करून घेण्याचे प्रकार शहरात घडत होते. या बोळांवर प्रेम करणाऱ्यांनी रात्री आळीपाळीने पहारा दिला. आज आजूबाजूच्या उंच इमारतींमध्ये ही बैठी वस्ती टिकून आहे ती त्यांच्यामुळे, आणि म्हणूनच तिथे गेल्यावर वागण्याचं भान ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आम्ही नऊच्या सुमाराला गेलो. त्याआधी बरीच दारं बंदच असतात. ज्या दारावर बसण्याचे पैसे आणि पेयांचे दर इंग्रजीत लावलेले असतात, तिथे परक्यांचं स्वागत असतं असं समजायला हरकत नाही. बसण्याचे माणशी साधारण ५०० ते १५०० येन पडतात, काही ठिकाणी काहीच नाही. दोघं असाल तर जागा मिळते, चौघांना मिळणं मुश्कील. बोळात फोटो काढू नका, तशा पाट्या लावलेल्या आहेत. आतही विचारूनच काढा.

आम्ही जिना चढून वरच्या बारमध्ये गेलो. जिना इतका उभा होता की हात टेकवत चढावं लागलं. सहा स्टुलं, पाठीमागे भिंतीला टांगलेले कोट, आणि आतल्या कोपऱ्यातल्या माणसाला बाहेर जायचं तर बाकीच्या सगळ्यांनी उठून उभं राहायचं. मालकीणबाई एकट्याच होत्या. बसल्याबरोबर त्यांनी न मागता दोन छोट्या वाट्या पुढे ठेवल्या. हे तिथल्या बऱ्याच बारमध्ये असतं, त्याला ‘ओतोशी’ म्हणतात आणि त्याचे पैसे बिलात धरतात. वाटीत उकडलेला पालक दिसत होता, पण त्यावर रंध्याने तासलेल्या लाकडासारखा पातळ कीस हलत होता. तो सुकवलेल्या माशाचा. ताई मासे खात नाही. मी फोनवर लिहून दाखवताच त्यांनी वाटी उचलली आणि शेंगदाणे आणून ठेवले. मग शेजारच्या गृहस्थांना काहीतरी सांगितलं आणि तेही आम्हाला पदार्थांबद्दल सावध करू लागले. शाकाहारी मंडळींनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं: भाजी, टोफू, सूप, नूडल्स यांतल्या पाण्यात बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, मासा आणि माशाचं पाणी दोन्ही नको असं जपानीत लिहून जवळ ठेवा.

एक-दोन पेयं घ्यावीत, दार उघडून कुणी डोकावलं की उठावं. सहा स्टुलांवर त्या बाईंचा संसार चालतो.

गोल्डन गाईपर्यंत जाताना काबुकिचो या रात्रीच्या करमणुकीच्या भागात रस्त्यावर ‘या, चांगला बार दाखवतो’ म्हणणारे भेटतील. त्यांच्यामागे कधीही जाऊ नका. आत नेऊन भरमसाट बिल लावण्याचे प्रकार तिथे होतात. चांगल्या जागेला माणूस उभा करावा लागत नाही.

माझ्यासाठी या प्रवासाचं सार म्हणजे शिबुयातलं ‘लायन’. दोगेनझाकाच्या चढावरून आत वळलं की लॉज आणि क्लबांच्या गर्दीत एक जुनी, गंभीर चेहऱ्याची इमारत दिसते. १९२६ मध्ये सुरू झालेलं हे कॉफीघर युद्धात जळालं आणि १९५० मध्ये पुन्हा उभं राहिलं. इथे पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकायला येतात. खुर्च्या समोरच्या अजस्र लाकडी स्पीकरांकडे तोंड करून मांडलेल्या. बोलायचं नाही, फोटो नाही, फोनची घंटी नाही. परदेशी रेकॉर्ड सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होत्या, तेव्हा एका कॉफीच्या पैशात त्या ऐकायला मिळाव्यात म्हणून अशी कॉफीघरं चालायची. जॅझसाठीही अशीच वेगळी असायची, आणि त्यांतली काही अजून चालू आहेत. दुपारी ३ वाजता ठरलेला कार्यक्रम लागतो. बाकी वेळी फर्माईश करता येते. आमच्या पुढचे आजोबा डोळे मिटून, बोटांनी गुडघ्यावर ताल धरून बसले होते, आणि रेकॉर्ड बदलताना सुईची खरखर खोलीभर ऐकू येत होती. तिथे गप्पा मारायला जाऊ नका. तासभर गप्प बसण्याची तयारी असेल तरच जा, आणि रोख पैसे जवळ ठेवा.

प्रत्यक्ष वादन ऐकायचं तर ‘लाइव्ह हाउस’. जॅझसाठी शिंजुकूतलं ‘पिट इन’ १९६५ पासून चालू आहे. दुपारच्या कार्यक्रमाला बहुधा तरुण वादक असतात आणि तिकीट रात्रीपेक्षा बरंच स्वस्त असतं. रॉक आणि पंकसाठी शिमोकिताझावा आणि कोएन्जी हे भाग. दारावर तिकिटाशिवाय एका पेयाचे पैसे सक्तीने घेतात, साधारण ६०० येन. मग विचारतात, कोणत्या बँडसाठी आलात? ‘कुठलाही चालेल’ असं म्हणू नका. बऱ्याच ठिकाणी बँडला ठरावीक तिकिटं खपवावी लागतात आणि न खपलेल्यांचे पैसे खिशातून भरावे लागतात. बाहेरच्या पत्रकावरचं एक नाव सांगितलंत की तुमचं तिकीट त्यांच्या खात्यात जातं. कार्यक्रम संध्याकाळी साडेसहा-सातला सुरू होऊन नऊ-साडेनऊला संपतो, उशिरा जाऊ नका. कानात घालायचे बोळे न्या, तळघरात आवाज छातीवर येतो.

जेवणाचं थोडक्यात. रात्री महाग वाटणारी वरच्या मजल्यावरची बरीच हॉटेलं दुपारी एक थाळी कमी दरात देतात, तेव्हा जा. टिप देऊ नका. छोट्या बारमध्ये अजून सिगारेट ओढू देतात, त्रास होत असेल तर दारावरची खूण बघा. दारू पिण्याचं वय २० आहे आणि परदेशी पाहुण्यांनी पासपोर्ट जवळ बाळगणं कायद्याने बंधनकारक आहे.

हातात एकच दिवस असेल तर असं करा. दुपारी ३ वाजता लायन. तिथून शिबुया स्टेशनवर येऊन इनोकाशिरा लाइनने शिमोकिताझावा, काही मिनिटांचा प्रवास आहे. तिथे काहीतरी खाऊन लाइव्ह हाउस. कार्यक्रम सुटला की ओदाक्यू लाइनने शिंजुकू आणि मग गोल्डन गाई. शेवटची गाडी साधारण बारा ते साडेबाराच्या दरम्यान सुटते, पहिली पहाटे पाचच्या सुमाराला. रात्री १० ते ५ टॅक्सीला २० टक्के जास्त पडतात, तेव्हा स्टुलावर बसण्याआधीच आपल्या मार्गावरच्या शेवटच्या गाडीची वेळ बघून ठेवा.