फ्लो

23 एप्रिल 2021, पहाटेचे साडेतीन. नागपुरातल्या एका कोविड वॉर्डात मी मेडिसिनची सेकंड इयर रेसिडेंट. पीपीईत चौथा तास. ग्लव्हजमध्ये घाम साचून बोटं सुरकुतलेली, गॉगलवर वाफ, त्यामुळे मॉनिटरचे आकडे जवळ जाऊनच वाचायचे.

सिनियरचा फोन आला. "ऑक्सिजन लाइनचं प्रेशर पडतंय. एचएफएनसीचे फ्लो कमी करा, शक्य तिथे मास्कवर आणा."

हिशेब सरळ होता. एचएफएनसी, म्हणजे नाकातल्या नळीतून जोराने ऑक्सिजन देणारं मशीन, मिनिटाला 60 लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढतं. 15 लिटरच्या मास्कवर तेवढ्यात चार जण निघतात. खाली कॅज्युअल्टीत लोक स्ट्रेचरवर थांबलेले. सिनियर चुकीचं सांगत नव्हते, आजही मला तसं वाटत नाही. पण नॉबवर हात माझा होता.

11 नंबरच्या बेडवर काटोलकडचे एक निवृत्त गुरुजी होते. मी फ्लो उतरवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बोलायला श्वास नव्हता. सॅच्युरेशन 88 वरून 84, मग 79. पुन्हा वाढवला, पालथं झोपवलं. साडेपाचला ते गेले.

नातेवाइकांना कळवायची ड्युटीही माझीच. मुलगा घरी क्वारंटाइन होता. मी सांगितलं. बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, "मॅडम, बाबाचा चष्मा कुठी आहे जी? त्याहिले चष्म्याशिवाय दिसत नाही."

चष्मा उशीखाली होता. एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी तो पिशवीत घातला, टेपवर बेड नंबर लिहिला. त्या रात्रीतला हा चौथा फोन होता. बाकीच्या तिघांची नावं मला आठवत नाहीत, आणि याचाच त्रास जास्त होतो.

त्याच संध्याकाळी विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूर स्टेशनात शिरली. तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिककडे गेले. मेसमधल्या टीव्हीवर दाखवत होते, पोरं टाळ्या वाजवत होती. मी ताट तसंच सोडून उठले.

पुढचे काही आठवडे खोलीतल्या कूलरच्या घरघरीतही मला अलार्म ऐकू यायचा. झोप लागली की दचकून जाग. नंबर डायल करायला घेतला की अंगठा थांबायचा. मावशी रोज म्हणायच्या, "डॉक्टर मॅडम, काऊन जेवत नाही जी?" विचारणाऱ्या तेवढ्या एकट्याच. वरिष्ठांच्या राउंडमध्ये बेड किती, सिलिंडर किती, एवढंच. रेसिडेंट झोपली का, हे कोणत्याच चार्टवर नव्हतं. ही चीड माझ्या मनात अजून आहे.

शेवटी सायकियाट्रीच्या ओपीडीत गेले. केसपेपरच्या खिडकीवर स्वतःचं नाव सांगताना आवाजच निघेना. मी रोज पेशंटांना सांगायची की मनाचा आजारही आजारच असतो, आणि मीच मागे वळून पाहत होते, कोणी ओळखीचं दिसतं का म्हणून.

मॅडमनी पहिल्यांदा झोपेचं विचारलं. मग म्हणाल्या, "त्या रात्रीचं सांग." मी प्रेशर, सप्लाय, सिनियरची ऑर्डर, सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळाने माझ्या तोंडून निघालं, "फ्लो मी कमी केला."

तोवर हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

मॅडमनी गोळ्या लिहिल्या, पुढच्या गुरुवारी बोलावलं आणि माझ्यासमोरच युनिटला फोन लावला. पुढचे पंधरा दिवस नातेवाइकांचे फोन दुसऱ्या रेसिडेंटने केले.