कुठल्या नळाचं पाणी

माझगावच्या आपल्या शाळेत मी दोनदा दाखल झाले. पहिल्यांदा बालवर्गात आणि दुसऱ्यांदा जून १९५९ मध्ये, सातवीत. मधली दोन वर्षं मी अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या अटलांटा शहरात होते. महोत्सवी अंकासाठी आठवणी पाठवा, असं पत्र आलं आणि मला पहिल्यांदा आठवले ते इतिहासाचे सर. भर वर्गात त्यांनी मला एक प्रश्न विचारला होता. तो समजायचा तर आधी अटलांटाची हकिगत सांगायला हवी.

बाबा गिरणीत होते. १९५७ साली कापडउद्योगाच्या शिक्षणासाठी त्यांना जॉर्जिया टेकमध्ये दोन वर्षांकरता जायची संधी मिळाली आणि आई, मी, धाकटा भाऊ असे सगळेच बोटीने निघालो. अटलांटात उतरल्यावर आईच्या डोळ्यांत पहिली भरली ती तिथली माती. लालभडक. "अगं बाई, ही तर आपल्या कोकणातली!" असं म्हणून ती वाकून बघायला लागली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे. नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष, सात बायका तेवढ्या वाचल्या, ही गोष्ट आजीने आम्हाला भाताच्या घासाबरोबर भरवलेली. घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. आता त्यांची ही पणतवंडं दुसऱ्या लाल मातीवर उतरली होती.

एजवुड अ‍ॅव्हेन्यूवरच्या बाजारात आईला भेंडी मिळाली तेव्हा तिला कोण आनंद झाला! इमारतीच्या आत गोऱ्यांचे गाळे आणि बाहेर फुटपाथच्या कडेला काळ्या बायका भाजी मांडून बसायच्या. भेंडी बाहेरच कोवळी मिळायची. देठ मोडून बघायची आईची पद्धत एका बाईने पाहिली आणि ती खळखळून हसली, कारण तीही तस्संच करायची. दोघींना एकमेकींचं बोलणं धड कळत नसे. तरी दर आठवड्याला दोघी पाच-दहा मिनिटं बोलत उभ्या असायच्या.

शाळेचं मात्र अवघड झालं. तिथे गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या, काळ्या मुलांच्या वेगळ्या. मला कुठे घालायचं याचा विचार करायला कचेरीने दोन दिवस घेतले. शेवटी 'परदेशी' असं लिहून गोऱ्यांच्या शाळेत घेतलं. त्याच सप्टेंबरात अर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला नऊ काळी मुलं गोऱ्यांच्या शाळेत जाऊ पाहत होती आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य पाठवावं लागलं होतं. बाबा संध्याकाळी वर्तमानपत्र उघडायचे, तो फोटो बघायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. त्यांच्या कॉलेजात काळा विद्यार्थी एकही नव्हता. तिथे पहिले काळे विद्यार्थी आले ते १९६१ साली, आम्ही परत आल्यानंतर.

साडी हा आमचा परवाना होता. बाबांनी आईला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, बाहेर पडताना साडीच नेसायची. साडी दिसली की बसचा ड्रायव्हर पुढे बसू द्यायचा. एकदा थंडीत आईने साडीवर लांब कोट चढवला होता आणि डोक्याला लोकरीचा रुमाल बांधला होता. मी तिचा हात धरून चढले. ड्रायव्हरने वर न बघता अंगठ्याने मागची बाजू दाखवली. आम्ही मागे जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारा काळा माणूस मांडीवर टोपी ठेवून बसला होता. तो खिडकीकडे सरकला आणि त्याने मला जागा करून दिली. बस सुरू झाल्यावर उकडलं म्हणून आईने कोट सोडला आणि हिरवे काठ बाहेर आले. आरशात ते पाहिल्याबरोबर ड्रायव्हरने पुढच्या थांब्यावर मागे वळून अगदी अदबीने हाक मारली, "मॅडम, आपण पुढे या." आई मला मराठीत म्हणाली, "बस इथंच. इथं काय वाईट आहे?" आमचा थांबा येईपर्यंत ती जागची हलली नाही. त्या बसमधला वेगळेपणा कायद्याने बंद झाला तो १९५९च्या जानेवारीत, कोर्टाच्या निकालाने. आमचे परतीचे दिवस तेव्हा जवळ आले होते.

पाण्याचं तसं झालं नाही. एका मोठ्या दुकानात शेजारी शेजारी दोन नळ होते. एकावर 'व्हाइट' आणि दुसऱ्यावर 'कलर्ड'. पहिला चकचकीत, गार पाण्याचा. दुसरा साधा, चिनी मातीचा, कडेला टवका उडालेला. मला कडकडून तहान लागली होती. मी दोन्हींच्या मध्ये उभी राहून पाट्या वाचत राहिले. शेवटी पाणी न पिताच घरी आले.

रविवारी आम्ही पीचट्री स्ट्रीटवरच्या 'द टेम्पल' या सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात जायचो. पांढऱ्या खांबांची भारदस्त इमारत. आमच्या सॅम्युअल स्ट्रीटच्या मशिदीची सवय असलेल्या बाबांना तिथला ऑर्गन आणि उघडी डोकी बघून चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. (आमची जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची.) ते खिशातला रुमाल काढून डोक्यावर ठेवायचे. संडे स्कूलमधली मुलं मला विचारायची, "भारतात ज्यू असतात?" पहिल्या दिवशी इंग्रजी उत्तर सुचेना, म्हणून मी 'शमा इस्राएल' ही आमची हिब्रू प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. माझे उच्चार त्यांच्याहून जरा निराळे होते, पण दुसऱ्या ओळीला सगळा वर्ग माझ्याबरोबर म्हणायला लागला होता.

तिथली जुनी ज्यू मंडळी जपून असायची. एका वयस्कर बाईंनी आईला घरी बोलावलं आणि खालच्या आवाजात लिओ फ्रँकची हकिगत सांगितली. पेन्सिलच्या कारखान्याचा हा ज्यू व्यवस्थापक. खुनाच्या आरोपावरून त्याला फाशीची शिक्षा झाली. गव्हर्नरने ती कमी करून जन्मठेप केली, तर १९१५ साली जमावाने त्याला तुरुंगातून पळवून नेलं आणि झाडाला टांगलं. बाई तेव्हा लहान होत्या. "इथे आपण गोऱ्यांमध्ये मोडतो," त्या म्हणाल्या, "पण कधी मोडणार नाही ते सांगता येत नाही." म्हणून काळ्यांच्या बाजूने उघड बोलायला बरेच जण कचरायचे. टेम्पलचे रब्बी, म्हणजे धर्मगुरू, जेकब रॉथशील्ड मात्र व्यासपीठावरून उघड बोलायचे. हे वेगळं ठेवणं अन्यायाचं आहे, असं ते वर्षानुवर्षं सांगत आले होते.

१२ ऑक्टोबर १९५८, रविवार. मी नवा फ्रॉक घालून संडे स्कूलला निघाले होते. बाबा आणि मी पोहोचलो तेव्हा रस्ता अडवलेला होता. पहाटे साडेतीनच्या सुमारास कोणीतरी डायनामाइटच्या पन्नासेक कांड्या लावून इमारतीची एक बाजू उडवली होती. विटांचा ढीग, फुटलेल्या रंगीत काचा आणि भिंतीला पडलेल्या खिंडारातून दिसणारे आतले वर्ग. काही तासांनी तिथे शेकडो मुलं असती. मीही असते. बाबांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की संध्याकाळपर्यंत मनगट दुखत होतं. महापौर हार्ट्सफील्ड त्या ढिगाऱ्यापाशी आले होते. तिथले संपादक रॅल्फ मॅकगिल यांनी त्यावर लिहिलेला अग्रलेख पुढे खूप गाजला. पाच जणांवर आरोप ठेवले गेले, शिक्षा मात्र कोणालाच झाली नाही. पुढच्या शुक्रवारी टेम्पल खचाखच भरलं होतं. फुटक्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. रब्बींनी प्रवचनासाठी बायबलमधल्या मीखा संदेष्ट्याचं वचन घेतलं होतं: प्रत्येक जण आपल्या द्राक्षवेलीखाली नि अंजिराखाली बसेल, आणि कोणी त्यांना भिववणार नाही.

आजीला बाबांनी पत्रात सगळं कळवलं. तिचं उलट टपाली पोस्टकार्ड आलं: "मशिदीला सुरुंग लावतात, तो कसला मुलूख? पोरांना घेऊन परत या."

शिक्षण पुरं झाल्यावर आम्ही आलो. हाईम सॅम्युएल किहीमकरांनी १८७५ साली आपल्या लोकांसाठी काढलेली ही शाळा, पण माझ्या बाकावर एक मुसलमान मुलगी होती आणि मागे दोघी हिंदू. माझं मराठी जड झालं होतं. 'सुद्धा' लिहिताना मी अडायचे. सगळी मला 'अमेरिका' म्हणून हाक मारायची. एका शुक्रवारी शेवटच्या तासाला सरांनी मला उभं केलं आणि अटलांटाबद्दल सांगायला लावलं. मी बस सांगितली, टेम्पल सांगितलं, नळ सांगितले. वर्ग चिडीचूप. सर महाडचे होते. मार्टिन ल्यूथर किंग त्याच वर्षी भारतात येऊन गेले होते, मणिभवनात राहिले होते. त्याचं कात्रण सरांनी जपून ठेवलं होतं. ते त्यांनी वर्गात फिरवलं.

मग त्यांनी विचारलं, "तू कुठल्या नळाचं पाणी प्यायलीस गं?"

"कुठल्याच नाही, सर."

ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी लिहिलं: चवदार तळे, महाड, २० मार्च १९२७. डॉक्टर आंबेडकर ओंजळीत पाणी घेऊन कसे उभे राहिले, ते सरांनी असं सांगितलं की मला ती ओंजळ दिसली. खडू ठेवून ते पुन्हा माझ्याकडे आले. आवाज अगदी मऊ होता. "तुमच्या अलिबागला कसं असतं?"

मी खाली बघितलं. सरांना ठाऊक असावं. आमच्यातही गोरे इस्राएल नि काळे इस्राएल असा भेद होता. आई-बाप दोघंही इस्राएल असतील तर गोरे, आई दुसऱ्या जातीची असली तर तिच्या वंशातले सगळे काळे. कातडीच्या रंगाचा काही संबंध नाही. आजीकडे मलिद्याला, म्हणजे आमच्या आभाराच्या विधीला, पोहे-खोबऱ्याचं ताट निघायचं, एलियाहू हन्नावी या संदेष्ट्याचं नाव घेतलं जायचं, आणि पडवीत एक मावशी बसलेली असायची. दळण-कांडण तिचं, खोबरं किसणं तिचं. तिला वरून वाढायचे. तिचा तांब्या न्हाणीजवळच्या कोनाड्यात निराळा ठेवलेला. जन्मापासून मी तो बघत होते. अटलांटात दोन नळांच्या मध्ये उभी राहिले, तेव्हासुद्धा मला तो आठवला नव्हता.

त्या संध्याकाळी मी आईला सरांचा प्रश्न सांगितला. ती भाजी निवडत होती, निवडत राहिली.

मे महिन्यात अलिबागला गेलो. दुपारी आई पडवीत आली, कोनाड्यातला तो तांब्या तिने उचलला, माठातलं पाणी भरलं आणि मावशीच्या शेजारी बसून घटाघटा प्यायली. उरलेलं मला दिलं. तांब्याला कल्हई नव्हती, पाण्याला तांब्याची चव होती. मावशी पदर तोंडाशी धरून "अहो वहिनी, अहो वहिनी" एवढंच म्हणत राहिल्या. आजी दारात उभी होती. ती एक अक्षर बोलली नाही, आत गेली. रात्रभर आईशीही बोलली नाही.

दोन दिवसांनी मलिदा होता. सकाळी आजीने ताटं काढली, पुसली आणि आईला विचारलं, "किती मांडू?"

आईने मावशींना धरून आकडा सांगितला.