आकडा माझ्या स्क्रीनवर होता

एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण कक्षात मी काम करते. वसुलीच्या फोनबद्दलच्या तक्रारी माझ्या टेबलावर येतात. बाहेरच्यांना वाटतं, आम्ही तक्रारदाराचं ऐकतो आणि एजंटला झापतो. प्रत्यक्षात आम्ही रेकॉर्डिंग ऐकतो. खात्याचा नंबर टाकला की डायलरवरून, म्हणजे कॉल लावून रेकॉर्ड करणाऱ्या आमच्या यंत्रणेवरून, गेलेले सगळे कॉल तारीखवार समोर येतात, आणि बहुतेक कॉलमध्ये एजंट सर-मॅडम करत अदबीनं बोलत असतो. मग ठरलेलं उत्तर जातं: 'आमच्या नोंदींनुसार संभाषण सौजन्यपूर्ण आढळले.' हे वाक्य कोणी लिहून ठेवलंय देव जाणे, पण आमच्या खात्यातून सगळ्यात जास्त तेच बाहेर पडतं.

ही तक्रार एका निवृत्त गृहस्थांची होती. कर्ज त्यांचं नव्हतं, मुलाचं होतं. ते जामीनदारही नव्हते. मुलानं अर्जात 'रेफरन्स' म्हणून त्यांचा नंबर टाकला होता, एवढाच संबंध. रेफरन्सची सही नसते आणि त्याच्यावर देणंही येत नाही. कर्जदार सापडेनासा झाला तर ठावठिकाणा विचारण्यापुरता तो नंबर. पण हप्ता थकून 60 दिवस उलटले, महिनाअखेर आली, की आमच्यासाठी वसुली करणाऱ्या बाहेरच्या एजन्सीतल्या पोरांचा डोळा नेमका त्या नंबरवर. मुलगा फोन उचलत नाही, बाप उचलतो.

रेकॉर्डिंग लावलं. तीन कॉल होते, तिन्ही सकाळी 8 ते संध्याकाळी 7 या वेळेतले, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट 2022च्या परिपत्रकात बसणारे. प्रत्येक जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. "नमस्कार काका, चिरंजीव आहेत का? नाहीत? हरकत नाही. थोड्या वेळात आमचे साहेब बोलतील तुमच्याशी."

माझे वरिष्ठ म्हणाले, "काही नाहीये यात. बंद कर."

मला ते 'साहेब' खटकले. वसुलीच्या कॉलवर साहेब आपणहून येत नाहीत. ग्राहकानं फारच आरडाओरडा केला तर टीम लीडर फोनवर येतो, तोही नाखुशीनं. मी काकांना त्यांच्या मोबाइलमधल्या कॉल यादीचा स्क्रीनशॉट मागितला. तो काढायचा कसा हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी वहीच्या पानावर पट्टीनं रकाने आखले, तारीख, वेळ, नंबर, किती मिनिटं असं सगळं सुवाच्य अक्षरात उतरवलं आणि त्या पानाचा फोटो पाठवला. इतका चांगला पुरावा मला वकिलांकडूनही आलेला नाही.

आमचा कॉल 5:41चा. लगेच खाली 5:44ला एक साधा दहा आकडी मोबाइल नंबर, 11 मिनिटं. दुसऱ्या दिवशी 12:10 आणि 12:13. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. डायलरवरचा कॉल ही फक्त चाचपणी होती, माणूस घरी आहे का आणि फोन उचलतो का याची. खरी वसुली खिशातल्या सिमवरून, जिथे रेकॉर्डिंग नाही. आमची नोंद स्वच्छ राहते ती अशी. हे एकदा दिसल्यावर मी बंद केलेल्या तक्रारी उघडून बघायची परवानगी मागितली. पुढच्या तिमाहीत बघू म्हणाले.

साहेबांनी व्हॉट्सअॅपवर 'अटक वॉरंट'ही पाठवलं होतं. वर राजमुद्रा, खाली गोल शिक्का, आणि मजकुरात 'भा.दं.वि. कलम 420'. ज्या कायद्यातलं हे कलम, त्याची जागा 1 जुलै 2024ला भारतीय न्याय संहितेनं घेतली आणि फसवणूक आता 318मध्ये आहे. खोटं वॉरंट करणाऱ्यानं निदान कलम तरी तपासावं. मुळात नुसते हप्ते थकले म्हणून अटक होत नाही, पैसे मागायला दिवाणी दावा लावावा लागतो. खात्यात पैसे नसल्यानं हप्त्याचं ऑटो-डेबिट परतलं तर 2007च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25खाली केस होऊ शकते, पण तिथेही आधी लेखी नोटीस आणि मग पैसे भरायला 15 दिवस. 'तीन तासांत हजर व्हा' असलं काही कुठेच नाही.

हे सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मॅडम, एवढंच सांगा, मुलाचं देणं नक्की किती आहे?"

आकडा माझ्या स्क्रीनवर होता. साहेबांनी सांगितलेला आकडा काकांच्या तक्रारीत होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. साहेबांनी नुसते थकलेले हप्ते धरायच्या ऐवजी अख्खं कर्ज धरलं होतं आणि वर 'कोर्ट खर्च' लावला होता.

"काका, ते मला सांगता येत नाही. खातं मुलाचं आहे. त्यानं त्याच्या ई-मेलवरून संमती पाठवली तर सांगू शकते."

"त्याला विचारता आलं असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? त्या माणसानं तर पैशापैशासकट सांगितला."

"त्यांनी नियम मोडून सांगितला."

"मग मी कुठला धरू?"

मी म्हणाले, "त्यांनी सांगितलेला धरू नका."

माझाही फोन रेकॉर्ड होतो. वरिष्ठांनी तो ऐकला. "धरू नका म्हणजे अर्धी माहिती दिलीसच की," म्हणाले. कागदावर त्यांचं बरोबर आहे. कर्जदाराच्या घरच्यांच्या आणि रेफरन्सच्या खाजगीपणात घुसू नका, असं तेच परिपत्रक सांगतं आणि मला ते पटतं. पण बापाला मुलाचं कर्ज कळलं ते आमच्याच माणसाकडून, खोट्या आकड्यासकट, आणि ते दुरुस्त करायची वेळ आली तेव्हा आम्हाला गोपनीयता आठवली. मुलावरही माझा राग आहे. चार महिने फोन उचलायचा नाही आणि नंबर द्यायचा वडिलांचा.

एजन्सी म्हणाली, तो नंबर आमचा नाही. तरी एका पोराला काढलं, म्हणजे काय ते समजा. एजन्सी मात्र कायम आहे. एजंट काय करतो त्याची जबाबदारी कंपनीची, असं रिझर्व्ह बँक कितीही सांगो, पुढच्या महिन्याच्या खात्यांची फाइल त्याच एजन्सीला गेली. त्यांचा वसुलीचा टक्का चांगला आहे.

उत्तराच्या पत्रातून 'सौजन्यपूर्ण' मी काढून टाकलं. त्याऐवजी तिन्ही वेळा लिहिल्या, वॉरंट बनावट आहे असं लिहिलं, आणि पोलिसांत तक्रार देताना लागेल म्हणून वहीचं मूळ पान जपून ठेवा, असंही. कायदा विभागानं पोलिसांचा उल्लेख तेवढा खोडला. पत्र गेलं त्यात 'वहीचे मूळ पान जपून ठेवावे' एवढंच आहे, कशासाठी ते नाही. काका विचारायला फोन करतील तेव्हा ते मी तोंडी सांगणार आहे. आकडाही पुन्हा विचारतील, त्याचं काय करायचं ते अजून ठरत नाही.