तुम्ही विचारलंत म्हणून: मत दिलं नाही, तरी प्रार्थना?

निवडणुकीचा निकाल लागला की ऑफिसात कुणीतरी हमखास विचारतं, "तुम्ही म्हणे चर्चमध्ये सरकारसाठी प्रार्थना करता. मग नको असलेलं सरकार आलं तर?" विचारणाऱ्याला बहुधा वाटत असतं, की हे लोक सत्तेपुढे लोटांगण घालतात, नाहीतर सगळा देखावा आहे.

सरकार कुणाचंही येवो, आमच्या रविवारच्या उपासनेतली मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना चुकत नाही. राष्ट्रपती, पंतप्रधान, मुख्यमंत्री, जिल्हाधिकारी अशी ती वरून खाली येते. आमच्या मंडळीतल्या एक आजी ती पार नगरसेवकापर्यंत नेतात: "प्रभू, त्याला सुबुद्धी दे, आणि आमच्या गल्लीला पहाटे तीनला पाणी सोडतात ते जरा उजाडल्यावर सोडू दे." मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसतं, पण आमेन सगळेच म्हणतात. पाळकसाहेबांची क्षमा मागून सांगतो, ही प्रार्थना आजींना जास्त कळलीय.

राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा, असं प्रेषित पौलानं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला लिहिलं, ते पत्र बायबलमध्ये आहे. परंपरेनुसार तो काळ नीरोचा, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या सम्राटाचा. तेव्हा राज्यकर्ता मनासारखा हवा, ही अट पहिल्यापासूनच नाही. इ.स. 200 च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकानं रोमी अधिकाऱ्यांना बजावलं, की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, पण त्याला देव म्हणणार नाही. मला हे फार पटतं. ज्याच्यासाठी देवाकडे अक्कल मागावी लागते, त्याची आरती कोण ओवाळणार?

आमच्यातलेच काहीजण पौलाच्याच रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुढे करतात: अधिकार देवानं नेमलेला आहे, तेव्हा गप्प बसा. मग दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल तोंडावर "तो मनुष्य तूच" म्हणणारा नाथान संदेष्टा कुठे बसवायचा? आणि आपल्या पंडिता रमाबाई? 1897 मध्ये पुण्यात प्लेग होता. राज्यकर्ते ख्रिस्ती, रमाबाईही ख्रिस्ती. तरी प्लेगच्या इस्पितळात बायकांना कसं वागवलं जातं, यावर त्यांनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून सरकारला धारेवर धरलं. प्रकरण थेट ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. त्यांनी राज्यकर्त्यांचा अनादर केला असं मला तरी वाटत नाही.

माझ्यापुरतं म्हणाल तर फरक बारीकसारीक गोष्टींत पडतो. ज्या मंत्र्याचं नाव सकाळी प्रार्थनेत घेतलं, त्याच्या आजारपणावरचा विनोद दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवायला हात धजत नाही. धोरणावर मात्र तोंडभर बोलतो, लेखी तक्रारही करतो. राग जातो का? नाही जात. काही नावं अजून दात-ओठ खाऊनच घेतो.

आणि हो, पुढच्या वेळीही माझं मत त्यांना नाही.